दुखण्याचे नाव सांगणारे

मुंबईत वांद्रे, गिरगाव, माझगाव अशा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून हिंडताना रस्त्याच्या कडेला, गल्लीच्या तोंडाशी, क्वचित एखाद्या घराच्या अंगणातही दगडी क्रूस उभे दिसतात. कोणी त्यांस झेंडूची माळ घालतो, संध्याकाळी कोणी मेणबत्ती लावून जातो, मे महिन्यात शेजारपाजारची मंडळी तेथे जमून रोझरी म्हणतात. यांपैकी कितीतरी क्रूस प्लेगच्या वर्षांत उभारले गेले. आपल्या पणज्यांच्या तोंडी त्या रोगाचे नाव ‘गाठीचा ताप’ असे होते. वर्तमानपत्रे त्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. घरात गाठीचा ताप आला म्हणजे सेंट रॉकचा आणि सेंट सेबास्तियनचा धावा करावयाचा, आणि वाचलो तर क्रूस बांधू असा नवस बोलावयाचा, ही तेव्हाची रीत.

क्रूस कोणी बांधला हे त्या त्या वाडीतील वृद्ध मंडळी अजून सांगतात. परंतु या रोगाचे खरे नाव मुंबईत प्रथम कोणी उच्चारले, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. तो गृहस्थ आपल्यापैकीच होता. रोगाला औषध देणे हे डॉक्टरचे काम हे आपण सारेच जाणतो. रोगाचे नाव चारचौघांत सांगणे हेही त्याचेच काम असते आणि पुष्कळदा ते औषध देण्याहून अवघड असते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. त्या गृहस्थाची, आणि त्याच्याच वाटेने गेलेल्या आणखी काही डॉक्टरांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

डॉक्टर आकासिओ गाब्रियल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यात बार्देश तालुक्यातील हडफडे गावी झाला. पोर्तुगीज कागदोपत्री या गावास आर्पोरा म्हणत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली पदवी घेऊन त्यांनी तेथेच व्यवसाय सुरू केला. मांडवी हा भाग त्यांच्या रुग्णांचा. बंदराला लागून असलेल्या या भागात धान्याची कोठारे होती. कोठारांच्या वर आणि मागे माणसे दाटीवाटीने राहत. घरांमधील गटारे तुंबलेली असत. १८९६ च्या पावसाळ्यात तेथे उंदीर मरून पडू लागले. उंदीर मेले म्हणून कोण दु:ख करतो? कोठाराच्या मालकाला तर बरेच वाटले असेल.

पुढे माणसे आजारी पडू लागली. एकाएकी भडकलेला ताप, जांघेत किंवा काखेत सुपारीएवढी, पुढे लिंबाएवढी दुखरी गाठ, झिंगल्यासारखी ग्लानी, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. नवरोजी हिल येथील अशाच एका रुग्णास पाहण्यासाठी डॉक्टर व्हिएगस गेले असता त्यांच्या मनात जी शंका आली ती मनात आणणेही धाडसाचे होते. मुंबईच्या त्या पिढीतील बहुतेक डॉक्टरांनी प्लेग पुस्तकातच वाचला होता. मात्र दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये तो पेटला होता. अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने तेथेच त्याचा जंतू शोधून काढला होता. आणि हाँगकाँगची जहाजे मुंबईच्या बंदरास लागत होती. ताप, गाठ, मेलेले उंदीर आणि ती जहाजे ही सारी चिन्हे त्यांनी एकत्र जुळविली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून त्या डॉक्टरच्या जागी स्वत:स कल्पावे. मांडवीतील व्यापारी त्यांचे रुग्ण, त्यांचे शेजारी. ‘प्लेग’ हा शब्द एकदा बाहेर पडला की बंदर ओस पडणार, परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवून धरणार, धान्याच्या आणि कापसाच्या सौद्यांना खीळ बसणार. निदान खोटे ठरले तर डॉक्टरची अब्रू गेली. खरे ठरले तर शहराची झोप गेली. दोन्हीकडून शिव्याशापच. गप्प राहून, ‘विषमज्वर’ असे काहीसे लिहून देऊन, आणखी आठ दिवस वाट पाहता आली असती. कोणी त्यांस दोष दिला नसता.

डॉक्टर व्हिएगस म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीचे सभासद होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी समितीसमोर सांगितले की मांडवीत ग्रंथिक प्लेग आला आहे.

व्हावयाचे तेच झाले. वर्तमानपत्रांनी शंका काढल्या, काही व्यवसायबंधूंनी नापसंती दाखविली, आणि अधिकारी मंडळी ‘प्लेग’ या शब्दाऐवजी ‘गाठींचा ताप’ किंवा ‘संशयास्पद ताप’ असे मऊ शब्द वापरण्याकडे झुकली. पण रोग शब्दांची भीड धरीत नाही. तज्ज्ञांकडून तपासण्या झाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला, आणि निदान खरे ठरले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या आरंभी त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून निघून गेली होती. माझगाव आणि धोबी तलाव भागातील गोव्याच्या गावकऱ्यांच्या कुडी, जेथे एरवी खलाशी आणि आचारी आपल्या ट्रंका भिंतीला लावून ओळीने निजत, त्याही रित्या झाल्या असतील. पळणाऱ्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही निघाला: कोकणात, देशावर, धारवाड-बेळगावकडे, पुढे पंजाबात. साऱ्या हिंदुस्थानात पुढील वीस-पंचवीस वर्षांत या रोगाने एक कोटीच्या आसपास माणसे नेली.

आता आम्हांस ज्याविषयी अधिक सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे. डॉक्टरने नाव सांगितले, ते खरे ठरले. मग लोकांनी काय केले? लोकांनी रोगी लपविले.

त्यांनी तसे का केले हे समजणे कठीण नाही. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. या कायद्याने अधिकाऱ्यांस घरात शिरण्याचा, रोग्यास उचलून नेण्याचा, बाकीच्यांस छावणीत ठेवण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. कायद्यापूर्वीही वातावरण तापले होते. १८९६ च्या ऑक्टोबरातच मुंबईच्या ऑर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता, कारण इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही अशी सर्वांची खात्री झाली होती. पुण्यात रँड यांच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊ लागले. बुटांनिशी देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरले. बायकांची उघड्यावर तपासणी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांजवर गोळी झाडली गेली हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परंतु गोळी झाडण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्याचा सामान्य माणूस आपल्या परीने लढत होता. तापाने फणफणलेल्या मुलाला तो माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे लपवीत होता, आणि त्या लपविण्यापायी बाकीच्या मुलांस रोग देत होता.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, दुसरी एक वाट होती. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनी हडपसरजवळ सासाणे यांच्या मळ्यात, शहराबाहेर मोकळ्या हवेत दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वत: वस्त्यांतून रोगी शोधून तेथे आणीत. रोग्यास वेगळे ठेवावयाचे हा नियम तोच. फरक आणणाऱ्या माणसात होता. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्यास पाठीशी बांधून दवाखान्यात आणले असे सांगतात. मुलगा वाचला. सावित्रीबाईंस रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या येण्याने कोणी आपले मूल माळ्यावर लपविले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

लस तयार करण्यासाठी सरकारने वाल्डेमार हाफकीन यांस मुंबईस बोलाविले. ओडेसा येथे जन्मलेला हा यहुदी शास्त्रज्ञ १८९६ च्या ऑक्टोबरात आला, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत तीनचार मदतनिसांना घेऊन कामास लागला. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस्सा लागे. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू आणि मुसलमान लस घेणार नाहीत हे ओळखून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. वर तरंगण्यास तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या थेंबाखाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून लस होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वत:स टोचून घेतली, तीही पुढे इतरांस देण्यात आली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेत. ताप आला, दंड दुखला, पण अपाय झाला नाही. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील राजी झालेल्या कैद्यांस ती देण्यात आली.

लसीचा गुण पाहावयाचा तर पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणकडे पाहावे. १८९७ च्या उन्हाळ्यापूर्वी तेथे प्लेग शिरला. जी ८,२३० माणसे गावात उरली होती त्यांतील २,१९७ जणांनी लस घेतली, ६,०३३ जणांनी घेतली नाही. घेतलेल्यांपैकी ३६ मेली. न घेतलेल्यांपैकी १,४८२. म्हणजे न घेणाऱ्यांपैकी दर चौघांत एक. आम्ही ही संख्या मुद्दाम पुरी दिली आहे, कारण ‘लस टोचून काय होते’ असे म्हणणारा एखादा काका आजही प्रत्येक वाड्यात असतो आणि त्याच्यापाशी वाद घालण्यापेक्षा आकडे पुढे करणे बरे.

मांडवीच्या आपल्या डॉक्टरने नाव सांगून हात झटकले नाहीत. डॉक्टर व्हिएगस वस्त्या स्वच्छ करा, उंदीर मारा असा धोशा लावून बसले आणि त्यांनी स्वत:च्या हाताने सुमारे १८,००० लोकांस लस टोचली असे त्यांच्याविषयी नमूद आहे. ज्या शहराने आरंभी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही त्याच शहराने १९०६ साली त्यांस म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष केले. त्या पदावर बसणारे ते पहिले देशी ख्रिस्ती. १९३३ साली ते वारले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा उभारण्यात आला; आणि काळबादेवीच्या कावेल भागात, आरोग्यमातेच्या देवळावरून जाणाऱ्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. आरोग्यमातेच्या दारी त्यांचे नाव असावे हे आम्हांस फार योग्य वाटते.

हाफकीन यांस मात्र निराळा अनुभव आला. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल गावी एका बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. लस बनविणाऱ्यावर सारा दोष लोटून त्यांस कामावरून दूर केले गेले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, दोष लसीत नव्हता, हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. तोवर त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे निघून गेली होती. परळची त्यांची प्रयोगशाळा आज हाफकीन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते, पण हे नाव तिला १९२५ साली मिळाले. पॉल लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरचीही तीच गत. उंदरावरील पिसवा माणसास चावून प्लेग देतात हे त्याने १८९८ साली कराचीत उंदरांवर साध्यासुध्या प्रयोगाने दाखविले, आणि कित्येक वर्षे तज्ज्ञांनी त्यास हसण्यावारी नेले.

आता आम्ही वाचकांस फार दूर नेणार आहो. प्लेगचे दिवस सरले, औषधे निघाली, तरी नवीन रोग आणि नवीन भीती संपली नाही. आणि नाव सांगणाऱ्यास द्यावी लागणारी किंमतही उतरली नाही, हे दाखविण्यास आफ्रिकेतील एका मिशन इस्पितळाइतके दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

युगांडा देशाच्या उत्तरेस गुलू शहराजवळ लाकोर येथे सेंट मेरीचे इस्पितळ आहे. कोंबोनी मिशनऱ्यांनी ते १९५९ साली सुरू केले. इटलीचे डॉक्टर पिएरो कोर्ती आणि त्यांच्या पत्नी, कॅनडाच्या शल्यविशारद ल्युसिल टीसडेल, १९६१ साली तेथे आले आणि तेथलेच झाले. यादवी युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता ल्युसिल यांच्या हातांना झालेल्या जखमांतून त्यांस एड्सचा विषाणू लागला; १९९६ साली त्या वारल्या. या दाम्पत्याने तयार केलेला एक तरुण डॉक्टर होता मॅथ्यू लुकविया, जवळच्याच कितगुम भागातला आचोली जमातीचा. बाप मासळी विकणारा, तो मॅथ्यू लहान असतानाच बुडून मेला. शिक्षण शिष्यवृत्त्यांवर झाले. १९८९ च्या शुभ शुक्रवारी बंडखोर इस्पितळात घुसले व इटालियन सिस्टरांस पळवून नेऊ लागले. डॉक्टर मॅथ्यू पुढे झाले आणि म्हणाले, त्यांच्याऐवजी मला न्या. डॉक्टरचा अंगरखा तसाच अंगात असता त्यांनी एक आठवडा बंडखोरांबरोबर जंगलात काढला. मग सुटका झाली.

२००० सालच्या ऑक्टोबरात ते राजधानी कंपाला येथे सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेत होते. इस्पितळातून फोन आला: परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली कसल्याशा अज्ञात तापाने मरत आहेत. ते त्वरित निघाले. पोहोचल्यावर रात्र जागून त्यांनी मेलेल्या रुग्णांची टिपणे एकामागून एक वाचली. ताप, उलट्या, रक्तस्राव. सतरा मृत्यू एकाच साच्यातले. मग त्यांनी अशा तापांविषयीची जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका काढली. रोग इबोला असावा असे त्यांस वाटले. युगांडात तो पूर्वी कधीच आढळला नव्हता.

डॉक्टर व्हिएगस यांजप्रमाणेच त्यांसही वाट पाहता आली असती. प्रयोगशाळेचा निकाल आल्यावाचून एवढा भयंकर शब्द उच्चारू नये असे म्हणणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक असते असे नाही. डॉक्टर मॅथ्यू यांनी निकालाची वाट पाहिली नाही. त्यांनी आरोग्य खात्यास कळविले, आणि पुस्तिकेत दिल्याबरहुकूम वेगळा कक्ष उभा केला: झगे, हातमोजे, मुखपट्ट्या, क्लोरीनचे पाणी. दक्षिण आफ्रिकेतून निकाल आला तेव्हा तो इबोलाच निघाला.

गावातील रीत अशी होती की मृताचे अंग नातलगांनी धुवावयाचे आणि मग सर्वांनी एकाच पात्रात हात धुवावयाचे, आपण सारे एक आहोत म्हणून. रोगाला याहून सोपी वाट कोणती असणार? ती रीत थांबवावी लागली. प्रेताजवळ कोणास जाऊ देता येईना. आपल्याकडे मातीला मूठभर माती द्यावयास मिळाली नाही तर मनास काय वाटते, हे ज्यांनी २०२० साली अनुभवले त्यांस त्या आचोली कुटुंबांचे दु:ख सांगावे लागणार नाही.

इस्पितळातील परिचारिका मरू लागल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस एकाच दिवसात कितीतरी मृत्यू झाले, त्यांत परिचारिकाही होत्या. कर्मचाऱ्यांचा धीर सुटला आणि त्यांनी काम थांबविले. डॉक्टर मॅथ्यू यांनी सर्वांस एकत्र बोलाविले. ज्यास जावयाचे त्याने जावे, मी मात्र येथेच राहणार, असे त्यांनी सांगितले. ते बोलले, लोक बोलले, रडले, भांडले. शेवटी गाणी म्हटली गेली, आणि माणसे कामावर परतली. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या मनात राहिले ते असे की, त्यांनी कोणास भित्रा म्हटले नाही. भीती खरी होती आणि त्यांनी ती खरी मानली.

त्याच सुमारास एका रात्री, रक्तस्राव होत असलेला एक परिचारक भ्रमात बिछान्यातून खाली पडला. डॉक्टर मॅथ्यू झोपेतून उठून धावले. झगा, मुखपट्टी, हातमोजे होते. डोळ्यांवर चष्मा चढविण्यास ते विसरले. तो परिचारक वाचला नाही, आणि काही दिवसांनी डॉक्टरांस ताप आला. या रोगाने मरणारा मी शेवटचा असेन तर बरे, असे ते म्हणाल्याचे सांगतात. ५ डिसेंबर २००० रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या साथीत युगांडात ४२५ जणांस रोग झाला आणि २२४ जण मेले. हा आकडा मोठा आहे, पण पहिल्या आठवड्यातच तो शब्द उच्चारला गेला नसता तर किती मोठा झाला असता याचा अंदाज कोण करील? त्यांस लाकोर इस्पितळाच्या आवारात ल्युसिल टीसडेल यांच्या शेजारी मूठमाती देण्यात आली.

अशीच हकीकत कार्लो उर्बानी या इटालियन डॉक्टरची. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने ते व्हिएतनाममधील हनोई येथे होते. २८ फेब्रुवारी २००३ रोजी एका रुग्णाचा विचित्र न्यूमोनिया पाहण्यास त्यांस बोलाविले गेले. हा नवीन रोग आहे हे त्यांनी ओळखले, रोज इस्पितळात गेले, आणि ही गोष्ट झाकून ठेवू नका, जगास कळू द्या असे सरकारला पटवून दिले. तीन मुले असताना एवढा धोका पत्करू नका असे त्यांच्या पत्नीने विनविले. अशा वेळी कामास यावयाचे नसेल तर मी येथे आलो तरी कशासाठी, असा त्यांचा जबाब होता. ११ मार्च रोजी बँकॉकला जाताना विमानातच त्यांस ताप आला. विमानतळावर घ्यावयास आलेल्या सहकाऱ्यास त्यांनी दुरूनच हाताने थोपविले, आणि दोघे अंतर राखून रुग्णवाहिकेची वाट पाहत बसले. २९ मार्चला ते वारले. आपल्या फुप्फुसाचा अंश तपासणीसाठी ठेवावा असे त्यांनी सांगून ठेवले होते. सार्स नावाच्या त्या रोगाने जगात ७७४ माणसे मेली, व्हिएतनाममध्ये पाच. एप्रिलच्या अखेरीस तो रोग आटोक्यात आणणारा व्हिएतनाम हा पहिला देश ठरला.

आपल्या देशात २०२० साली काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. शेकडो डॉक्टर रुग्णांची सेवा करता करता गेले. त्या एप्रिलमध्ये चेन्नईतील एक ख्रिस्ती डॉक्टर, मेंदूचे शल्यविशारद, कोरोनाने वारले. त्यांचे प्रेत कबरस्तानात नेले तर तेथील लोकांनी पुरू दिले नाही. दुसऱ्या कबरस्तानात नेले तर जमावाने रुग्णवाहिकेवर दगडफेक केली. शेवटी मध्यरात्री त्यांच्या एका डॉक्टर मित्राने स्वत: फावडे हातात घेऊन माती लोटली. १८९६ साली ऑर्थर रोडवर चालून गेलेल्या जमावात आणि या जमावात सव्वाशे वर्षांचे अंतर होते. पहिला जमाव निरक्षर होता असे आपण म्हणू. दुसऱ्यास काय म्हणावे? १८९७ च्या त्याच जुन्या कायद्यात सरकारने लागलीच, २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून, डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणाऱ्यास शिक्षेची तरतूद केली. जो कायदा लोकांच्या घरात शिरण्यासाठी जन्मला त्यास शेवटी लोकांपासून डॉक्टरांचे रक्षण करावे लागले.

प्लेग, इबोला, सार्स ही नावे कोणास दूरची वाटतील. म्हणून जाता जाता जवळचे एक नाव घेतो. क्षय. जगातील क्षयरोग्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक आपल्या देशात आहेत. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते; साध्या क्षयास सहा महिने गोळ्या पुरतात; गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेकांपासून दुसऱ्यास लागण होण्याचे थांबते; पोषक अन्नासाठी सरकार महिन्याला १,००० रुपये देते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, इतके सोपे ते आहे. तरीही आपल्या घरांतून तो लपविला जातो. मुलगी लग्नाची आहे म्हणून, मुलगा आखातात जाणार आहे म्हणून, शेजारीण पाण्याचा तांब्या वेगळा ठेवील म्हणून. ‘छातीत कफ झाला आहे’ एवढेच बाहेर सांगितले जाते. गेल्या शतकातील मऊ शब्द आपण अजून वापरतो आहो.

आमच्या धर्मग्रामात काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी लग्न ठरलेल्या मुलीस खोकला लागला. आईने आले-तुळशीचा काढा, मग गावच्या औषधवाल्याकडील बाटली, मग नऊ दिवसांची नोव्हेना, असे सर्व केले. दवाखान्याचे नाव काढले नाही. मुलीचा घास तुटत चालला होता. मठातील दवाखाना पाहणाऱ्या सिस्टर एके दिवशी दुपारी, रस्त्यावर माणूस नसताना, मागच्या दाराने आल्या. चपला बाहेर काढून स्वयंपाकघरात पाटावर बसल्या, पेज मागून घेतली आणि मुलीशी लग्नाच्या साडीविषयी बोलत राहिल्या. निघताना आईला म्हणाल्या, “बाये, हा क्षय असेल. नाव घेतल्याने तो वाढत नाही.” आई रडली, रागावली, आणि दुसऱ्या दिवशी मुलीस घेऊन तालुक्याच्या इस्पितळात गेली. मुलाच्या घरी ही गोष्ट कशी सांगावी यावर आठ दिवस खल झाला. शेवटी मुलीने स्वत:च सांगितली. मुलाच्या वडिलांनी थोडा वेळ विचार करून विचारले, गोळ्या किती महिन्यांच्या? सहा, असे कळल्यावर त्यांनी पंचांग पाहिले नाही, दिनदर्शिका पाहिली, आणि ईस्टरनंतरचा शनिवार धरला.

लग्नाच्या मिस्साला सिस्टर मागच्या बाकावर बसल्या होत्या. जेवणाच्या पंगतीत आईने त्यांस हात धरून पुढे आणून बसविले आणि पहिले पान त्यांना वाढले.